आमसूल

भेंडी परतता परतता भार्गवरावांनी मागे वळून पाहिलं. परक्या घरी बसावं तशी शरयू खुर्चीच्या कडेवर पदर सावरून बसली होती.

"माझ्यासाठी कशाला एवढा त्रास घेता?" ती म्हणाली. हल्ली ती असंच अदबीनं बोलायची. सगळा जन्म त्यांच्या कामात खोट काढणारी बायको आता पाण्याच्या पेल्याबद्दलही आभार मानायची. ते आभार ऐकले, की त्यांना घर खायला उठायचं.

शेजारच्या वहिनींचं ऐकून त्यांनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली माळ्यावर टाकली होती आणि ही लोखंडाची कढई आणली होती. लोह पोटात गेलं की विसरणं कमी होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले होते, "खात्री कुणीच देणार नाही. पण सकस खाऊ घाला." त्यांनी तेवढंच धरून ठेवलं होतं.

भाजी बुळबुळीत होऊ नये म्हणून त्यांनी आमसुलं टाकली आणि पान वाढलं. शरयूच्या कपाळावर आठी चढली.

"लोखंडाच्या कढईत आमसूल घातलंत? काळीठिक्कर झाली भाजी! एवढंही कळू नये माणसाला?"

भार्गवरावांचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं," ते हरखून म्हणाले. "अजून बोल."

ती बावरली. "माफ करा हं, तुम्हाला बोलायला नको होतं. आमचे हे असंच करायचे. सवयीनं तोंडातून निघून गेलं."

मग पाहुण्यानं खावी तशी ती काळी भेंडी तिनं मुकाट्यानं संपवली.