गोणपाटाखालचा वाफा

गाजराचं बी पेरलेल्या उघड्याबोडक्या मातीवर सुनेनं गोणपाट पांघरलं होतं आणि त्यावरूनच ती सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायची, याचा सासूबाईंना भारी राग होता. एकवीस दिवस झाले, एक कोंब नाही. इमारतीत हसं झालं ते वेगळंच. "काकू, सूनबाईंनी बाळ निजवलंय का हो?" असं समोरच्या नर्सनं विचारलं, तेव्हा तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उन्हावाचून गाजर उगवतं होय गं? कुठलं खूळ घेऊन बसलीस?" त्या घरी येऊन कडाडल्या.

इमारतीमागचा राडारोडा आठ घरांनी मिळून उपसला होता आणि तिथं वाफे पाडले होते. बागकाम कुणीच बापजन्मी केलेलं नव्हतं. शिंप्यानं तर टेप लावून बिया पेरल्या. तरी सगळ्यांचं उगवलं. सासूबाईंचे मुळे वीतभर वर आले. सुनेचा वाफा तेवढा रिकामा.

घराची लाज राखायला सासूबाईंनी गुपचूप उपाय चालवला होता. सून कामावर गेली की दुपारी खाली उतरायचं, गोणपाट मागे दुमडायचं, मातीला ऊन दाखवायचं आणि ती यायच्या आत पुन्हा अंथरायचं. पलीकडचं टोक विटांखाली दाबलेलं होतं. कंबर वाकत नसे, म्हणून तेवढं राहून जायचं.

रविवारी सगळ्यांनी ठरवलं, खताच्या खड्ड्याला जागा हवी, तर हाच वाफा खणावा. बस ड्रायव्हर कुदळ घेऊन आला.

"दोन दिवस थांबाल का?" सून म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं कुणाकडे काही मागितलं ते एवढंच.

"वहिनी, आता काय उगवायचं राहिलंय?" म्हणत ड्रायव्हरनं विटा काढल्या, गोणपाट ओढलं. आणि कुदळ हळूच खाली ठेवली.

पलीकडच्या टोकाला हिरवं होतं. शेकडो कोंब, दोऱ्याहून बारीक. काहींच्या डोक्यावर बियांचं टरफल अजून टोपीसारखं. सगळ्या कोंबांनी मिळून मातीची एक खपली डोक्यावर उचलून धरली होती.

सासूबाई कंबर विसरून गुडघ्यांवर बसल्या. चार लेकरं वाढवलेली बाई, पण असलं काही पाहिलं नव्हतं. आपल्या श्वासानं मोडतील म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला.

मग त्यांना दिसली ती कड. हिरवं एका रेघेवर संपत होतं. गोणपाट रोज दुमडायचं, बरोब्बर तिथं. अलीकडची माती वाळून तडकलेली.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तुम्ही गोणपाट उलटं अंथरायचात, आई. शिवण वर यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीसुद्धा ते उगवावं म्हणूनच करत होता ना."

सासूबाईंनी ड्रायव्हरला बोटानं आपला वाफा दाखवला. "खड्डा तिकडं खण. मुळे उपट माझे." मग सुनेचा हात धरून त्या उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून दुपारचं पाणी मी घालणार. किती, कसं, ते तू सांगायचंस. आणि मी ऐकायचं."