चौदावा पेला

चहाघराच्या लिनआजींनी चौदाव्यांदा पेला भरला आणि केतकीने तो निमूट संपवला. चीनमध्ये शिकणाऱ्या केतकीला भटकायला हा एकच दिवस मिळाला होता, आणि चीनच्या भिंतीकडची शेवटची बस पंधरा मिनिटांत सुटणार होती. पण समोर आलेलं टाकायचं नाही, हे आईचं साताऱ्याचं वळण.

अखेर तिने मोडक्या चिनीत विचारलं, "आजी, हा चहा संपतो तरी कधी? मला भिंतीची बस गाठायचीय."

"तू पेला भरलेला ठेवशील तेव्हा. रिकामा दिसला की भरायचा, ही आमची रीत. मला वाटलं, पोर तहानलेली आहे."

केतकीने मन घट्ट करून पंधरावा पेला तसाच ठेवला. आजींनी सुटकेचा निःश्वास सोडला, तिला बाहेर आणलं आणि दाराला कुलूप घातलं.

"चल, मीही येते. सत्तर वर्षं इथे काढली, पण भिंत बघायला गिऱ्हाईक सोडेल तर शपथ."