पहिला हात

चौथऱ्यावर सात तुकडे पडले होते. पाच तळहाताएवढे, दोन त्याहून मोठे, सगळे शेंदरी. शिवाय एक विझलेली पणती, दोन करवंट्या आणि मधोमध, कित्येक वर्षांनी उघडा पडलेला काळा दगड. अमृताने आधी सगळं मोजलं, फोटो काढला आणि मगच वाकून दगड पाहिला. झिजलेल्या कोरीवकामात एक तलवारवाला होता. त्याच्या शेजारी दुसरा, बिनतलवारीचा.

"धारोजीबाबानं कात टाकली," भिमाजी आबा म्हणाले. "चल, गोळा कर आन् नदीला सोडून ये."

"आबा, एक तुकडा ठेवते. भूगर्भशास्त्र शिकून आले आणि असला थरांचा नमुना हातचा घालवू?"

"देवाची कात हाय ती. तुज्या कालेजातला दगड न्हाई."

धारोजी नाईक गडावर लढताना पडला, तेव्हा वरच्या वाडीतल्या एकाने त्याला खांद्यावर घालून इथे, खाली वडिवळ्यापर्यंत आणलं, अशी गावातली गोष्ट. म्हणून दसऱ्याला शेंदराचा पहिला हात वाडीचा. तो उजाडायच्या आत लावायचा, वर चिमूटभर राख भुरभुरायची आणि त्या वेळी गावातल्या कुणी तिकडे फिरकायचं नाही. दिवस वर आला की दुसरा हात आबांच्या घरचा. वाडीचा शेंदूर करंजाच्या तेलात कालवलेला, आबांचा जवसाच्या. वाडीचे सलग तीन दसरे चुकले तर तो मानही आबांच्याच घरी यायचा, हेही ठरलेलं.

नेमका त्यावरून आता वाद पेटला होता. गाव धारोजीचं नवं स्मारक बांधत होतं आणि दगडी फलकावर मानकरी घराण्यांची नावं कोरायची होती. आबांचा मुलगा, म्हणजे अमृताचा काका कैलास म्हणत होता, एकच नाव कोरा.

कात पडल्याचं कळताच वाडीच्या सावित्राबाई मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून खाली आल्या. कैलास वाटच बघत होता.

"मावशी, तुमचं गुडघं धरलं त्याला सहा वरसं झाली. तवापास्नं वाडीचं कोण आलं, सांगा की."

"माजा नवशा. दर दसऱ्याला मी करंजाचं तेल काढून त्याच्या हातात देती. इचार त्याला."

नवशा गाडीच्या किल्लीशी खेळत उभा होता. तो तळेगावला कंपनीत होता आणि दसऱ्याला तिथे मशीनची पूजा असायची. "येतो की," तो म्हणाला. "पूजेच्या आदी येऊन जातो."

"कुणी पायलं?"

"बघायचंच नसतंय ते!" सावित्राबाई म्हणाल्या. "तुज्या बापाला इचार."

सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी तंबाखू मळायला घेतली. "मला कशाला मदी वढता? मी काय हितं पारा देत बसतो व्हय?"

"भिमाजी, दात गेलं तरी चावायची खोड गेली न्हाई तुजी."

"तुजं गुडघं गेलं, पर जीब हाय तशीच."

लोक हसले. सावित्राबाई हसल्या नाहीत. "वाडीचं नाव पुसलं तर पोरांना काय सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "देव आपला न्हवताच म्हणून?"

"थर मोजता येतील," अमृता बोलून गेली. "दोन दसऱ्यांमध्ये पावसाळ्याची काळी रेघ बसते. दोन काळ्या रेघांच्या मध्ये दोन थर निघाले आणि त्यांच्यामध्ये राख असली, तर वाडीचा हात लागला. एकच थर निघाला तर नाही."

"हे बेस," कैलास म्हणाला. "मोज."

"काय मोजायचं न्हाई!" आबा ओरडले. "नदीत सोड म्हणलो ना?"

आबा तिच्यावर कधी ओरडत नसत. वाडीचा मान गेला तर तो आपल्याच घरी येणार आणि आबा थर मोजायला घाबरतायत, असं अमृताच्या मनात आलं. नवशा येतो हे त्यांना ठाऊक असूनही ते गप्प बसलेत की काय? तिला आबांकडे बघवेना.

"मोज, बाय," सावित्राबाई म्हणाल्या. "निघंल ते निघंल."

अमृताने एक तुकडा मोडला, ताजी कड उन्हात धरली आणि भिंग लावलं. वरून सुरुवात केली. गेला दसरा: थर, राख, थर. मग काळी रेघ. त्याच्या आधीचा: थर, राख, थर.

"सहाही वर्षं दोन-दोन," ती म्हणाली.

नवशाने चमकून मान वर केली. कैलासने भिंग हिसकावून घेतलं, दोनदा मोजलं आणि परत दिलं. "कोरा मग दोन्ही नावं," तो म्हणाला.

सावित्राबाईंनी नवशाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माजा लेक खोटं बोलायचा न्हाई." नवशा मोटरसायकलकडे वळला.

"झालं समाधान?" आबा अमृताला म्हणाले. "आता तरी सोड ते पाण्यात."

तिने बाकीचे तुकडे नदीत सोडले. मोडलेला मात्र ओढणीत बांधून घरी आणला. कुठला थर कुणाचा, याची एकदा खात्री करून घ्यायची होती. आबांचं जवसाचं तेल सुकून काचेसारखं कडक होतं, वाडीचं करंजाचं वर्षानुवर्षं मऊ राहतं. ते तपासायला एक सुई पुरेशी होती.

दुपारी आबा आतल्या खोलीत घोरत असताना ती ओसरीवर बसली आणि सर्वांत जुन्या थरापासून सुई टोचत वर निघाली. सुई रुतली, अडली. रुतली, अडली. जोडीमागून जोडी तसंच.

वरच्या सहा जोड्यांत ती बाराही वेळा अडली.