खिशातले फ्यूज

भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन बायका सकाळपासून कौसाबाईंच्या मसाला-कांडपापुढे ताटकळत बसल्या होत्या, आणि लाईटचा पत्ता नव्हता. समोरच्याच खांबावर वायरमन चढला होता. तो कौसाबाईंचा जावई.

“मामी, निवांत राहा,” तो वरून हसत म्हणाला. “डीपीवरचे फ्यूज काढून खिशात टाकलेत. आता ब्रह्मदेव आला तरी तारेत करंट यायचा नाही.”

पण बायका कुठल्या निवांत बसतायत! “वायरमन घरचा, तरी कांडप बंद,” एकीने टोमणा मारला. दुसरी तर डबा उचलून वरच्या आळीतल्या कांडपाकडे निघाली, तसं कौसाबाईंचं डोकंच फिरलं. त्या तरातरा मागच्या खोलीत गेल्या. तिथला जनरेटर जावयानेच जोडून दिला होता आणि दर वेळी बजावलं होतं, की आधी मेन स्विच खाली ओढायचा, नाहीतर करंट उलटा खांबावर जातो. रागाच्या भरात त्यांनी सरळ जनरेटरची दोरी ओढली.

कांडप धडधडलं. त्याच क्षणी शेजारच्या घरातला टीव्हीही गायला लागला.

“आली गं, लाईट आली!” बायका खुशीत ओरडल्या. “जावयाने सासूची लाज राखली बाई!”

मागच्या खोलीत कौसाबाईंची नजर भिंतीवर गेली. मेन स्विच वरच होता.

बाहेर बायकांनी जावयाला शाबासकी द्यायला खांबाकडे माना वर केल्या, आणि गलका एकदम थांबला.