पाऊण तास

खिडक्या लागून पाऊण तास झाला, तेव्हा गल्लीतल्या बायकांचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"झोपली असतील दोघं," एक जण म्हणाली.

"आठ महिन्यांनी घरी आलेला गडी झोपतो होय गं?" मारिगो म्हणाली. त्या बंद खिडक्यांमागच्या आर्गिरोची ती सख्खी थोरली बहीण. बोलली खरी, पण मग तिनेच मान खाली घातली.

आमच्या बेटावरचे पुरुष बोटींवर असतात. ज्या दिवशी घरी येतात त्या दिवशी जेवण आटोपलं की नवरा-बायको खिडक्या लावून घेतात, आणि समोरच्या पायरीवर बायका काहीतरी निवडायला घेऊन बसतात. वाईट खोड आहे, पण आहे. खिडकी लवकर उघडली, तर गडी उपाशी होता, म्हणजे सरळ होता. उशिरा उघडली, तर त्याला बंदरोबंदरी पान वाढलेलं होतं. भुकेला माणूस चवीने जेवत बसत नाही, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. त्यांचं म्हणणं आजवर कुणी खोडून काढलेलं नाही, कारण या विषयावर खरं बोलायला कुणाची जीभ रेटत नाही.

आर्गिरोची खिडकी अकरा वर्षं कॉफीला उकळी येते-न-येते तोच उघडायची. ती केस बांधत सज्जात आली की बायका हसायच्या, "काय गं, धक्क्यावरून पळतच आला वाटतं!" आर्गिरो लाजायची आणि मान ताठ करायची. देखणी होती ती मारिगो. आर्गिरो दिसायला बेताचीच. पण मारिगोच्या नवऱ्याची खिडकी दिवेलागणीपर्यंत बंद असे, आणि त्याचा अर्थ साऱ्या गल्लीला ठाऊक होता. "माझा तर सुट्टीच्या चाळिसाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखाच असतो," आर्गिरो बहिणीला सांगायची. मिरवायला तिच्याजवळ एवढंच होतं.

तिचा नवरा पांदेलिस आत पडल्यापडल्या ते हसणं ऐकायचा आणि मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. ती घाई भुकेची नव्हती. त्याला थांबताच येत नव्हतं. दोन मिनिटं, कधी तेवढीही नाहीत. मग तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. आर्गिरो पाठीवर हात ठेवायची, प्रेमाने. त्याला ती कीव वाटायची. अकरा वर्षांत या गोष्टीवर दोघं एक अक्षर बोलली नव्हती.

गेल्या खेपेला पिरेअसच्या बंदरात बोटीवर चढण्याआधी तपासणी झाली. सगळे गेल्यावर तो मागे राहिला आणि डॉक्टरांना कसंबसं सांगून मोकळा झाला.

"एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले. "अहो, तुमच्यासारखे कितीतरी येतात माझ्याकडे. यातून बाहेर पडता येतं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सराव समजावला: अगदी काठावर आलं की थांबायचं, श्वास सोडायचा, ओसरू द्यायचं, मग पुन्हा. "बायकोला बरोबर घेतलंत तर लवकर जमेल. तिला सांगा. अर्धं औषध तेच आहे."

"सांगतो," पांदेलिस म्हणाला, आणि न सांगता बोटीवर चढला. आठ महिने त्याने केबिनचं दार लावून एकट्याने तो सराव केला. सांगण्यापेक्षा करून दाखवू, असं त्याने ठरवलं. पुरुषांना सगळं करून दाखवायचंच असतं.

आणि आज ते जमलं. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. तिचे डोळे आधी मिटलेले होते. मग उघडले आणि उघडेच राहिले. तिलाही नवल वाटतंय, असं त्याला वाटलं. बाहेर शेंगा मोडल्याचा आवाज थांबला, तो दोघांनाही ऐकू आला.

आज तो भिंतीकडे वळला नाही. "आर्गिरो," म्हणाला, आणि चक्क हसला.

ती उठून बसली. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"कुठलं बंदर?"

"काय?"

"हा धीर कुणी शिकवला तुला? बाहेर सगळ्या बसल्यात, पांदेलिस. त्यांनाही कळलंय. मला एकटीला वेड्यात काढू नकोस."

डॉक्टरांचा कागद खुर्चीवरच्या कोटात होता, हाताच्या अंतरावर. वर त्याचं नाव, खाली आजाराचं. त्याने हात लांब केला, खिशापर्यंत नेला. हा कागद आर्गिरोला दाखवला, की संध्याकाळी मारिगो वाचणार. उद्या तिचा नवरा कॉफीच्या दुकानात सांगणार. बंदरातल्या बाईबद्दल तिथे पाठीवर थाप पडते. या आजाराबद्दल लोक जन्मभर खिदळले असते. आर्गिरोचा विचारही त्याच्या मनात आला. तिने अकरा वर्षं ज्याच्या जोरावर मान ताठ ठेवली, तो निव्वळ आजार होता, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण हा विचार नंतर आला. आधी आली ती स्वतःची लाज.

त्याने हात मागे घेतला.

"सांतोस," तो म्हणाला. "ब्राझीलमध्ये. एकच होती. संपलं ते."

आर्गिरो रडली नाही. त्याच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसली. केस बांधता बांधता म्हणाली,

"निदान खरं तरी बोललास."