उजेडाचा अर्ज

मॅनेजरांनी टेबलावर सहा कॉलरी ओळीने मांडल्या. सहाही टोकाशी वाकड्या होत्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठीवर नंबर एकच होता, सत्तावीस.

"ह्या तुझ्या?"

"नंबर माझा आहे," लवंगी म्हणाली.

लवंगी हे तिचं शिवणाच्या हॉलमधलं नाव. अंगाने काडी, पण फुटली की सगळ्या हॉलला ऐकू जाई. तिच्या शेजारच्या खुर्चीवर हॉलमधल्या जुन्या कारागीर मावशी बसल्या होत्या. चौकशीला येताना सोबत एका सहकाऱ्याला आणता येतं, असं जिन्याखाली चिकटवलेल्या नियमांच्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद वाचलेली हॉलमध्ये लवंगी एकटीच. तिने मावशींना आणलं होतं आणि जिना चढताना बजावलं होतं, "तुम्ही फक्त बसा. एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर दोघींना घरी बसावं लागेल."

मावशींनी एक कॉलर उचलून डोळ्यांजवळ धरली. काळं कापड, काळा दोरा. वळणावर टाका किंचित बाहेर सरकला होता. आपलं अक्षर ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला. सहाही कॉलरी त्यांच्याच होत्या.

खाली हॉलमध्ये चाळीस मशिनींवर तीन ट्यूब जळत होत्या. बाकीच्या एकेक करून गेल्या, त्या परत लागल्याच नाहीत. वर्षभरात मावशींना सुईचं भोक दिसेनासं झालं. दोरा निसटला की त्या कात्रीने टेबलावर दोनदा टकटक करत. मग डावीकडच्या मशिनवरून लवंगी वाकून दोरा ओवून देई. मावशींची एखादी कॉलर वाकडी वाटली, तर लवंगी तिला आपल्याच नंबरची चिठ्ठी लावून टाकी. "माझ्या नावावर पापं कमी आहेत मावशी, थोडी तुमची घेते." एका नंबरच्या सहा कॉलरी आठवड्यात परत आल्या की नोकरी गेली. लवंगीने स्वतः शिवलेली आजवर एकही आली नव्हती.

मग तिने उजेडासाठी अर्ज लिहिला. एकोणचाळीस जणींनी सह्या केल्या. कागद आपल्या ओळीत आला तसं मावशींना तहान लागली, आणि तो पुढच्या ओळीत जाईपर्यंत त्या नळापाशीच उभ्या राहिल्या. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता आणि दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. लवंगी एवढंच म्हणाली, "राहू द्या. अर्ज तुमच्या डोळ्यांसाठी आहे, सही नसली तरी चालेल."

अर्ज वर गेला आणि चौथ्या दिवशी ह्या सहा कॉलरी निघाल्या.

मॅनेजरांनी कामावरून काढल्याचा टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "सही कर."

लवंगीने तो बोट ठेवून सावकाश वाचला. "साहेब, इथे लिहिलंय, कामगाराचा खुलासा ऐकला, तो समाधानकारक नाही. मी तर अजून खुलासा केलाच नाही."

"मग कर. कोण अडवतंय?"

"कागदावर तारीख परवाची आहे."

मॅनेजरांनी वर छताकडे पाहिलं. लवंगीनेही पाहिलं.

"चार ट्यूब," ती म्हणाली. "एका टेबलाला चार. छान उजेड आहे हो साहेब तुमच्याकडे."

"ह्या जिभेनेच घात केला तुझा."

मावशी उठून उभ्या राहिल्या. लवंगीने त्यांचा पदर खाली ओढला, पण त्या बसल्या नाहीत.

"साहेब, ह्या कॉलरी मी शिवल्यात. सहाच्या सहा. मला दिसत नाही, म्हणून ही पोर आपली चिठ्ठी लावते. काढायचंच असेल तर मला काढा."

एवढं मोठं वाक्य त्या ह्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

मॅनेजर चिडले नाहीत. त्यांनी कॉलरी गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माहीत आहे मला, मावशी. टाका कुणाचा ते आम्हालाही कळतं. तुम्ही जा, कामाला लागा. अर्जावर तुमची सही नव्हती."

लवंगीने पेन घेतलं. "हे मला मान्य नाही," असं आधी लिहिलं आणि त्याखाली सही केली. "ह्याची एक प्रत द्या, साहेब. मिळते ती. जिन्याखाली लिहिलंय."

दोघी जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर लवंगी थांबली.

"सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून?"

लवंगीने खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "काळं कापड आलं की टोकाशी आधी खडूची रेघ मारायची. मग सुई रोवायची आणि कापड वळवायचं. हात घाई करतो, त्याला करू द्यायची नाही."

हे सगळं पहिल्या दिवशी मावशींनीच तिला शिकवलं होतं, शब्दसुद्धा तेच होते.

ती फाटकाकडे गेली. मावशी हॉलमध्ये येऊन आपल्या जागेवर बसल्या. सह्या केलेल्यांपैकी कुणीही मान वर केली नाही. मशिनी चालूच होत्या.

मावशींनी खडूने रेघ मारली, सुई रोवली, कापड वळवलं. दुसऱ्या कॉलरीला दोरा निसटला.

त्यांनी कात्री उचलली आणि टेबलावर दोनदा टकटक केली.