चौथा तुकडा

इंग्रजीचे सर 'इनकॉम्प्रिहेन्सिबल' या शब्दाचे सहा तुकडे पाडायचे आणि दर तुकड्याला तिच्या बोटांवर पट्टी हाणायचे. उच्चाराचा जोर चौथ्या 'हेन्'वर, म्हणून पट्टीचा जोरही तिथेच. अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा.

तीस वर्षांनी, अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेले सर वाचा-उपचारांसाठी नेमके तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिने पहिल्याच दिवशी तोच शब्द काढला.

"मॅडम, आधी 'पाणी', 'चहा' असं सोपं काही घ्या ना," त्यांची बायको काकुळतीला आली.

"काळजी करू नका काकू, सरांना हा तोंडपाठ आहे." तिने त्यांच्या धडधाकट हाताच्या बोटांवर हलकेच टिचक्या मारायला सुरुवात केली. "इन... कॉम्... प्रि..."

 

चौथी टिचकी पडायच्या आतच सरांनी हात मागे ओढला.